घरपोच 'फॅमिली हार्ट पॅकेज', सोलापूर: रक्त घेण्याला पाच, रिपोर्टला दोन, डॉक्टर मॅडमना पैकीच्या पैकी

सोलापुरातल्या एका लॅबचं घरी येऊन रक्त नेणारं 'फॅमिली हार्ट पॅकेज' आम्ही जानेवारीत घेतलं. चार माणसांचे मिळून ४,४०० रुपये. त्यात लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या इतर चरबीची तपासणी), उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, किडनी-लिव्हरच्या तपासण्या आणि लॅबशी जोडलेल्या एमडी मॅडमची एक भेट. लॅबचं नाव लिहीत नाही. माझी जी मुख्य तक्रार आहे ती या एकाच लॅबची नाही; आमच्या काउंटरवर येणारे जवळजवळ सगळेच रिपोर्ट तसे असतात.

मी फार्मासिस्ट. भवानी पेठेच्या बाजूला आमचं मेडिकल आहे. यंत्रमागावरचे कामगार, घरी विड्या वळणाऱ्या तेलुगू बोलणाऱ्या काकू, टॉवेलच्या कारखान्यातली मुलं, पेन्शनर मास्तर असे सगळे रिपोर्टचा कागद घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, लाल आलंय, बघा की." लाल म्हणजे छापील मर्यादेपेक्षा जास्त आलेला आकडा. त्या लाल आकड्याने सोलापुरात किती माणसं उगाच घाबरतात आणि काळ्या आकड्याने किती जण उगाच निर्धास्त राहतात, हे मी रोज पाहते. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे.

आधी जे चांगलं झालं ते. सातची वेळ दिली होती, मुलगी पावणेसातलाच दारात. थंडपेटी सोबत, नळ्यांवर नाव आणि बारकोड आधीच चिकटवलेले, आणि प्रत्येकाचं नाव-वय पुन्हा विचारून मगच सुई. तिने चौघांनाही आधी पाच-दहा मिनिटं बसायला लावलं. उभ्याने धावपळ करून लगेच रक्त दिलं तर कोलेस्टेरॉलचा आकडा थोडा वर जातो, आणि दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला तरीही जातो. हे तिला नीट माहीत होतं. सासूबाईंची शीर लवकर सापडत नाही. "आज्जी, मूठ आवळू नका, सैल सोडा की," म्हणत तिने पट्टा एकदा काढला, हात चोळला, पुन्हा बांधला. एका टोचण्यात काम झालं. अशा मुलींना महिन्याला काय मिळतं मला ठाऊक आहे, म्हणून ही दाद मनापासून.

बुकिंगच्या मेसेजमध्ये मात्र 'चौदा तास उपाशी' असं लिहिलं होतं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला चौदा तास कशासाठी? उपाशीपोटीच्या साखरेला आठ तास पुरतात. नुसत्या कोलेस्टेरॉलसाठी तर बहुतेकांना उपाशी राहायची गरजच नसते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही उपाशी नसताना केलेली तपासणी चालते असं म्हटलं आहे. जेवणाने मुख्यतः ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) हलतं. ते फार वाढलेलं, म्हणजे ४००च्या वर दिसलं, तर पुन्हा उपाशीपोटी करायचं, कारण त्यापुढे एलडीएल (धमन्यांत साठणारं, 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल) काढायचं नेहमीचं गणित चुकतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' म्हणतात ते) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा, असं ते गणित आहे. १९७२ पासून चालत आलंय. आमच्या रिपोर्टवर एलडीएलपुढे 'कॅल्क्युलेटेड' असं बारीक छापलेलं होतं, ही चांगली गोष्ट. पुष्कळ लॅब तेवढंही सांगत नाहीत.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी मोबाइलवर आले. आता खरं दुखणं.

माझा मुलगा २३ वर्षांचा, हिंजवडीत नोकरी, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी घरी आला होता. त्याचं एकूण कोलेस्टेरॉल २४६. सासूबाईंचंही २४६. दोन्ही कागदांवर तोच लाल आकडा, शेजारी तीच ओळ: 'हाय'. मुलाचं एलडीएल १७०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०. सासूबाईंचं एलडीएल १५८, एचडीएल ५८, ट्रायग्लिसराइड १५०. माझं स्वतःचं एलडीएल १४७. आणि मिस्टरांचं ९२, काळ्या अक्षरात, शेजारी 'ऑप्टिमल', म्हणजे उत्तम.

मिस्टर चोपन्न वर्षांचे, बरीच वर्षं डायबेटिस, आणि त्यांच्या थोरल्या भावाला चव्वेचाळिसाव्या वर्षी मागावर उभं असतानाच अटॅक आलेला. या घरात सगळ्यात जास्त धोका कुणाला असेल तर त्यांना, आणि कागद म्हणतो ऑप्टिमल. सगळ्यात जास्त लाल रंग आला तो तेवीस वर्षांचा पोरगा आणि एकोणऐंशीच्या सासूबाई यांच्या वाट्याला, तोही सारखाच. कागदावर वय छापलेलं आहे, वरच्या कोपऱ्यात. पण खालच्या आकड्यांशी त्याचा काही संबंध लावलेला नाही. २००च्या आत चांगलं, २४०पासून पुढे जास्त, एलडीएल १००च्या आत उत्तम, ही वाटणी अमेरिकेतल्या २००१ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांमधली. तिथेसुद्धा माणसाचा एकूण धोका बघून एलडीएलचं लक्ष्य ठरवा, असंच म्हटलं होतं. छापताना ते गळून गेलं आणि सगळ्यांना एकच पट्टी राहिली. रिपोर्टला दोन गुण दिले ते यासाठी.

डॉक्टर मॅडमची भेट मंगळवारी संध्याकाळी झाली. दहा मिनिटांची अपेक्षा होती, त्यांनी तासभर दिला. मी या धंद्यात असूनही इतकं मुद्देसूद समजावणं फार कमी वेळा ऐकलंय.

त्यांनी चारही कागद उलटे ठेवले आणि आधी प्रश्न विचारले. तंबाखू, मावा, सिगारेट? बीपी? घरात कुणाला कोणत्या वयात झालं? थायरॉईड? गेल्या महिन्यात ताप, न्यूमोनिया असं काही? (आजारपणात कोलेस्टेरॉल खाली येतं, त्यामुळे आजारातून उठल्या उठल्या केलेली तपासणी फसवी निघते.) मग मुलाला जवळ बोलावून बुबुळाभोवती पांढरं कडं आहे का ते टॉर्चने पाहिलं, टाचेच्या वरचा जाड दोर, म्हणजे टेंडन, बोटांनी दाबून गाठी आहेत का ते चाचपलं. सासूबाईंच्या डोळ्यांत तसं कडं आहेच, आम्ही कधीपासून पाहतोय. त्या वयात ते साधं. मुलाच्या वयात दिसलं असतं तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलची शंका घ्यावी लागली असती. सुदैवाने त्याला दोन्ही नव्हतं, आणि एलडीएलही १९०च्या खाली होतं. आकड्याचंही असंच असतं, वय बदललं की अर्थ बदलतो, हे त्यांनी तिथूनच सांगायला सुरुवात केली.

२००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठं काम छापून आलं होतं: ६१ अभ्यास एकत्र केले, जवळपास नऊ लाख माणसं. संशोधकांनी पाहिलं की एकूण कोलेस्टेरॉल साधारण ३९ अंकांनी कमी असेल तर हृदयविकाराने मरण्याचा धोका किती कमी दिसतो. चाळिशीत निम्म्याने कमी. पन्नास ते एकोणसत्तरमध्ये एक तृतीयांशाने. सत्तर ते एकोणनव्वदमध्ये सहाव्या हिश्श्याने. म्हणजे संबंध प्रत्येक वयात आहे, पण तरुण वयात त्याची पकड फार घट्ट, पुढे सैल होत जाते. मॅडमनी इथेच थांबू दिलं नाही. त्या म्हणाल्या, सहावा हिस्सा ऐकायला लहान वाटतो, पण सत्तरीनंतर हृदयविकाराने मरणाऱ्यांची संख्याच इतकी मोठी असते की तिचा सहावा हिस्सासुद्धा चाळिशीतल्या निम्म्यापेक्षा जास्त माणसं वाचवू शकतो. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायचं.

मोबाइलवर फिरणारा तो मेसेज मी त्यांच्यापुढे ठेवला, 'म्हातारपणी कोलेस्टेरॉल जास्त असलेली माणसं जास्त जगतात'. आमच्या दुकानात महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी तो वाचून दाखवतं आणि गोळी बंद करू का विचारतं. त्यांचं उत्तर मी आता सगळ्यांना सांगते. ऐंशीच्या आसपास कोलेस्टेरॉल खाली गेलेल्यांमध्ये आधीच आजारी, वजन घटलेली, जेवण सुटलेली माणसं पुष्कळ असतात. कॅन्सर, लिव्हरचे आजार, कुपोषण, यांनी कोलेस्टेरॉल उतरतं. ती माणसं लवकर जातात ती त्या आजाराने, आणि दोष मात्र कमी कोलेस्टेरॉलला लागतो. म्हणून म्हाताऱ्या माणसाचा आकडा औषधाशिवाय आपोआप खाली आला तर आनंद मानायच्या आधी त्याचं वजन करा.

सासूबाईंना त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली नाही. कधी अटॅक नाही, डायबेटिस नाही, बीपीची एक गोळी चालू, घरातलं सगळं स्वतः करतात. पंचाहत्तरीपुढे, आधी हृदयविकार नसलेल्या माणसांना नव्याने स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची गोळी) सुरू करण्याबाबत पुरावा अजून तोकडा आहे. स्नायूदुखी, आणखी एक गोळी, आणखी एक गोंधळ, हे सगळं तोलून त्यांनी बीपी नीट ठेवा आणि पडू नका एवढंच सांगितलं. पण लगेच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या गिऱ्हाइकांना हे अर्धवट सांगू नका हां. ज्याला अटॅक येऊन गेलाय, स्टेंट आहे, त्याची गोळी ऐंशीव्या वर्षीही चालूच राहते." हे मी इथे मुद्दाम लिहितेय. आपल्या आईवडिलांना असं काही झालेलं असेल तर हा रिव्ह्यू वाचून त्यांच्या गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवू नका.

मुलाशी त्या सगळ्यात जास्त वेळ बोलल्या. दहा वर्षांत अटॅक येण्याचा धोका काढायची जी गणितं आहेत, त्यांत वयाचा वाटा इतका मोठा असतो की तेवीस वर्षांच्या मुलाचं उत्तर कायम 'कमी' येतं. आणि तो खूश होऊन जातो. मॅडमनी त्याला घरातल्या वीजमीटरचं सांगितलं: आत्ता किती वॅट चालू आहेत तो झाला एलडीएलचा आकडा, पण बिल येतं ते युनिटचं. १७० पाच वर्षं राहिलं तर एक बिल, तीस वर्षं राहिलं तर दुसरंच. सासूबाईंचं १५८ कदाचित पन्नाशीनंतर चढलेलं असेल, आणि पुढची वर्षं मोजकी. याचं २३व्या वर्षीच चालू झालंय.

हे नुसतं समजावण्यापुरतं नाही. १९५३ साली कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाच्या धमन्या तपासल्याचं प्रसिद्ध झालं. सरासरी वय २२. चारातल्या तीन जणांच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. ती मुलं धडधाकट म्हणून सैन्यात घेतलेली होती. आणि आपल्याकडचं सांगायचं तर, ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांत ५९च्या आसपास. आमच्या भाऊजींचं चव्वेचाळीस आठवून जाऊबाईंनी परवा मला फोनवर विचारलं होतं, "आमच्यातच असं का गं?" त्याच्या उत्तराचा मोठा भाग या आकड्यांत आहे, आणि बाकीचा भाऊजींच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीत होता.

मुलाला लगेच गोळी नाही. आधी महिन्याभराने पुन्हा लिपिड, कारण आदल्या आठवडाभर तीळगूळ आणि शेंगापोळ्या चालल्या होत्या, ट्रायग्लिसराइड त्यातही वर जातं. सोबत थायरॉईड, कारण थायरॉईड मंद असेल तरी एलडीएल चढतं. आणि लिपोप्रोटीन ए नावाची एक तपासणी, आयुष्यात एकदाच करायची. ती जन्मतः ठरते, खाण्यापिण्याने फारशी हलत नाही, आणि ५०च्या वर असेल तर धोका वाढतो. 'हार्ट पॅकेज' म्हणवणाऱ्या या पॅकेजमध्ये तीच नव्हती! तीन-चार व्हिटॅमिन होते, लोह होतं, लिपिडमधल्या प्रत्येक गुणोत्तराला वेगळी तपासणी धरून तपासण्यांचा आकडा फुगवलेला होता. लॅबवाल्यांना माझी कळकळीची विनंती: त्यातलं निम्मं काढा आणि ही एक घाला. घरात पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हृदयविकार झालेला असेल तर तिची किंमत जास्तच.

मिस्टरांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण काळ्या आकड्याने तेच फसले असते. डायबेटिस, चोपन्न वय आणि भावाचा इतिहास धरून त्यांच्यासाठी एलडीएल ७०च्या आत हवं. ९२ म्हणजे अजून बावीस अंक वर. ते रोसुवास्टॅटिन १० घेतात, हे स्टॅटिनच. डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरतं, हे औषधांचं गणित मला माहीत आहे. म्हणून मॅडमनी डोस वाढवायच्या ऐवजी सोबत इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसऱ्या प्रकारची गोळी दिली, ती वीसेक टक्के खाली आणते. मला हे फार पटलं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणारे मी दर आठवड्याला पाहते. गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय, हे त्यांना पटवता पटवता मागे रांग लागते.

माझं १४७. तीन वर्षांपूर्वी ११८ होतं, खाणं तेच, वजन तेच. पाळी थांबायच्या सुमाराला एलडीएल असं चढतं, आणि तोवर बायकांना मिळालेलं संरक्षण हळूहळू संपतं. आपल्याकडे बायका नवऱ्याचा रिपोर्ट फाइलला लावतात आणि स्वतःचा कधी काढतच नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मैत्रिणीला मी आता हात धरून सांगते. मला तीन महिने खाण्यापिण्याचे, चालण्याचे, मग पुन्हा तपासणी.

रिपोर्ट आल्यानंतर लॅबकडून 'आहार सल्ला' म्हणून एक फोन आला. त्या बाईंनी सासूबाईंचं तूप आणि शेंगाचटणी बंद करायला सांगितली आणि ओमेगा कॅप्सूलचा डबा घ्यायला सुचवला. याला मी शून्य गुण देते. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच, कुठल्याच वनस्पतीत नसतं, आणि त्यातली बहुतांश चरबी असंपृक्त, म्हणजे धमन्यांना बरी. सोलापुरात कडक भाकरीवरची चटणी काढून घ्यायची आणि बाजारातली खारी, पामतेलात तळलेली फरसाण राहू द्यायची, हा कसला सल्ला? चटणीत बघायचं ते मीठ, कारण बीपी आहे. सासूबाईंनी एक आठवडा भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली, मला न सांगता. मॅडमनी त्यांचं अर्धा चमचा तूप परत सुरू करून दिलं आणि जेवण कमी करू नका, आज्जी, असं दोनदा बजावलं. त्या वयात ताटातलं काढून घेण्याचे परिणाम कोलेस्टेरॉलपेक्षा वाईट होतात. आमच्या बाजूच्या खेड्यांत करडई होते, तिचं तेल, ज्वारी, डाळी, पालेभाजी, एवढ्यावर तरुणांचं एलडीएल थोडं तरी खाली येतं. ते मुलाला सांगायचं होतं, सासूबाईंना नाही.

लॅबला मी फोन करून दोन गोष्टी मागितल्या. एक, बुकिंगच्या वेळी डायबेटिस, बीपी, तंबाखू, आधीचा अटॅक आणि घरातला इतिहास एवढं विचारा आणि रिपोर्टच्या डोक्यावर छापा. दोन, 'ऑप्टिमल' हा शब्द काढा, त्याऐवजी 'तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या' अशी ओळ मराठीत घाला, हवं तर तेलुगू आणि कन्नडमध्येही. मॅनेजरांनी शांतपणे ऐकलं, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे म्हणाले, आणि मराठी ओळ घालता येते का बघतो म्हणाले. झालं तर इथेच खाली लिहीन. तोवर दुकानात कुणी रिपोर्ट दाखवला की मी पेनाने त्याच्या मागे वय, साखर, बीपी, तंबाखू, अटॅक या पाच गोष्टी लिहून देते आणि तो कागद डॉक्टरांपुढे उलटा ठेवायला सांगते.

एकूण पॅकेज घ्यावं का? मॅडमच्या भेटीसकट घ्यावं. भेट नको म्हटलं तर माणशी दोनशे रुपये कमी होतात. ते वाचवू नका, तेवढ्यासाठीच तर हे पॅकेज आहे. मॅडम मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी बसतात, म्हणून रक्त सोमवारी किंवा गुरुवारी द्या. शनिवारी दिलंत तर लाल आकडे तीन दिवस घरात पडून राहतात, आणि त्या तीन दिवसांत कुणी तूप बंद करतं, कुणी गोळी.